उजव्या दाराला डावा हात

डोकम, नेदरलँड्स, २६ जून १९८५

प्रिय दुर्क,
अनेक आशीर्वाद.

विमानात बसून तुझी पाठ धरली होती, ती सुटली का? डोरोथीच्या गुडघ्याची सूज उतरली का? माझ्या सत्तरीला बिचारीला दिवसभर त्या पाहुण्यांच्या गोलातल्या लाकडी खुर्चीवर बसवून ठेवलं आपण. येणारा प्रत्येकजण तिचा हात हातात घेऊन 'अभिनंदन' म्हणत होता, आणि ती मला हळूच विचारत होती, "वाढदिवस तुमचा, मग अभिनंदन माझं कशाला?" तिला सांग, नणंद सत्तरीपर्यंत टिकली आणि वहिनीने ती सहन केली, याचं ते अभिनंदन असतं. तुमचा म्हातारा कुत्रा पुन्हा जेवायला लागला का? आणि ती तांबडी गाय व्याली का? कालवड झाली की गोऱ्हा?

इथे माझं बरं आहे. हेसल रोज कामावर जाताना डोकावतो. आईचं एवढं काय बघायचं असतं, देव जाणे. मला वाटतं माझ्या डब्यातली बिस्किटं बघायला येतो. तू उतरलास त्या खोलीतली चादर मी अजून बदललेली नाही. चौतीस वर्षांनी भाऊ घरी झोपला, चार दिवस राहू दे त्याचा वास.

आता, ज्यासाठी तू वरच्या ओळी भरभर वाचून टाकल्या असशील, ते. शेजारची रिन्स्के बरी आहे. थोडं खरचटलं, थोडा मुकामार. त्या दिवशी रस्त्यात ती तुला जे बोलली ते मनावर घेऊ नकोस. सायकलवरून आडवा पडलेला माणूस काही स्तोत्र म्हणत नाही. सध्या ती सायकल काढत नाही, पण हवाही काही बरी नाही.

तुझ्या वाढदिवसाचं कार्ड वेगळं टाकलं आहे. विसरेन कशी? संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरचं जुलैचं पान मी आधीच उलटून ठेवलंय, तुझं नाव रोज सकाळी समोरच असतं.

तुझी ताई,
बाउक्ये

---

गिप्सलँड, ऑस्ट्रेलिया, १५ जुलै १९८५

प्रिय ताई,

पत्र मिळालं, कार्डही मिळालं. पाठ ठीक. गुडघा ठीक. कुत्रा खातो. गोऱ्हाच झाला, माझं नशीब.

हवा बरी नाही म्हणे! ताई, जून महिन्यात? आपल्याकडच्या बायका गारा पडत असताना दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून बाजार करून येतात. मी गाव सोडलं असेल, गावातल्या बायका नाही विसरलो.

मला तो आवाज अजून ऐकू येतो. तुझ्यासाठी साखरपाव घ्यायचा म्हणून हेसलने बेकरीसमोर गाडी लावली. तो डावीकडे चाकाशी, मी उजवीकडे. इथे उजवीकडे बसतो तो गाडी चालवतो, ताई. मी तीस वर्षं उजव्या खुर्चीवर बसून उजवं दार ढकललंय, आणि दाराबाहेर गवताशिवाय काही नसतं. तसंच ढकललं. वासरू फाटकावर आपटावं तसा आवाज झाला. बघतो तर रिन्स्के खाली, सायकलचं चाक हवेत फिरतंय, आणि ती ओरडतेय, "जा परत तुझ्या मेंढ्यांत! तिथे दारं तरी नसतील!"

माझ्याकडे मेंढ्या नाहीत, गाई आहेत. पण हे तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं.

तिच्या सायकलच्या बसायच्या जागेवर घालायला लोकरीचं मऊ कातडं पाठवतोय, बोटीने येईल. तू मला खरं काय ते लिही. लहानपणीही तू थापा मारायचीस तेव्हा आधी हवेबद्दल बोलायचीस.

तुझा,
दुर्क

---

डोकम, ८ सप्टेंबर १९८५

प्रिय दुर्क,
आशीर्वाद. डोरोथीला नमस्कार.

पकडलंस. तर ऐक. रिन्स्केचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तुझं विमान सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं. तुला तिथून काय करता येणार होतं? उगाच समुद्रापलीकडे जीव टांगणीला, म्हणून झाकून ठेवलं. आता ती काठी घेऊन चालते. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, आता चालण्यापेक्षा सायकल बरी, खुशाल चालवा.

पण ती चालवत नाही. छपरीतून सायकल काढते, पुसते, हातात धरून कोपऱ्यापर्यंत नेते. कोपऱ्यावरून बेकरीचा रस्ता सुरू होतो. सायकलवाटेच्या कडेने उभ्या गाड्याच गाड्या. तिथे थांबते. आणि सायकल वळवून परत आणते. दुधाने तोंड पोळलंय तिचं, आता प्रत्येक गाडीचं दार तिला उकळतं दिसतं.

आणि सायकल तिला हौसेची नाही रे. तिचा लोल्के कालव्यापलीकडच्या वृद्धाश्रमात असतो, तुला सांगितलं होतं. त्याला आता कुणाचं नाव आठवत नाही. पण दुपारी कॉफीनंतर तो खिडकीशी बसायचा, आणि ती उंच काळी सायकल, तिच्यावर ताठ बसलेली ती, पुलावर दिसली की हात वर करून म्हणायचा, "आली." मग सगळी संध्याकाळ ती त्याची बायको असायची. आता हेसल तिला गाडीने सोडतो. ती दारातून आत जाते आणि लोल्के उभा राहून अदबीने विचारतो, "नमस्कार बाई, आपल्याला कोणाला भेटायचंय?" ती खुर्ची ओढून बसते, पाहुणीसारखी. खिडकीकडे त्याचं लक्ष. वाट बघत असतो.

हे तुला कळवायचं नव्हतं मला. पण तूच विचारलंस.

एक मात्र लिहिते. हेसल स्वतःला दोष देतो, म्हणतो मी मामाला सांगायला हवं होतं. पण इथे ते कुणी कुणाला सांगतच नाही. घास गिळायचा कसा हे सांगतं का कुणी? पोर गाडीत बसायला लागलं की आई नुसता हात धरते: दाराजवळचा हात मांडीवर, लांबचा हात दाराकडे. उजव्या दाराला डावा हात, डाव्या दाराला उजवा. हात लांबून आला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान, मानेबरोबर डोळे, आणि मागून येणारी सायकल आपोआप दिसते. त्यात शहाणपण काही नाही, नुसती सवय. तू गेलास तेव्हा सबंध गावात डॉक्टरांची एक गाडी होती, आणि त्यांचं दार उघडायला ड्रायव्हर असायचा. तू शिकणार कुठून?

रिन्स्के तेव्हापासून माझ्याकडे कॉफीला बसत नाही. दारातूनच बोलते.

तुझी ताई,
बाउक्ये

---

गिप्सलँड, २ ऑक्टोबर १९८५

ताई,

पत्र डोरोथीने वाचून घेतलं माझ्याकडून, दोनदा.

पुढच्या उन्हाळ्यात यायचं आम्ही बोललो होतो. ते आता नको. कुठल्या तोंडाने बेकरीच्या रस्त्याने चालू? रिन्स्के तुझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही ती माझ्यामुळे, हे मला कळतं. रागावू नये तर काय करावं तिने? मी एका माणसाची बायको नेली, ती जिवंत असताना.

तिला सांग, मेंढ्या नाहीत, गाई आहेत. बाकी ती बोलली ते सगळं खरं.

दुर्क

---

डोकम, ३ मार्च १९८६

प्रिय दुर्क,

ऑक्टोबरच्या पत्राला मार्चमध्ये उत्तर, म्हणजे ताई रागावली होती असं समज. आणि रागावलेच होते. "ते आता नको" म्हणे! मी सत्तर पार केलीय, तू पासष्टीला टेकलास. आपल्या दोघांत मिळून आता किती उन्हाळे उरलेत, आणि त्यातला एक तू रुसून घालवणार? नाताळाला नुसतं कार्ड टाकलं ते म्हणूनच. लिहायला बसले असते तर कागद फाटला असता.

मग हिवाळा आला. गेल्या वर्षीसारखी यंदाही गोठलेल्या कालव्यांवरून अकरा गावांची स्केटिंगची शर्यत झाली, सगळं गाव कालव्याच्या काठावर. मी मटाराचं घट्ट सूप थर्मासमध्ये घेऊन उभी, आणि शेजारी कोण? काठी टेकून रिन्स्के. पळायला जागा नव्हती, मागे गर्दी, पुढे बर्फ. मी म्हटलं, "घे सूप. आणि आता सांग, माझ्या कॉफीत विष पडलंय का?"

ती म्हणाली, "तुझ्या टेबलावर कुठल्या तोंडाने बसू? पाहुणा म्हणून आला होता तुझा भाऊ. चौतीस वर्षांनी आला होता. आणि भर रस्त्यात मी त्याला मेंढ्यांत जा म्हणाले. म्हणून तर तो परत येत नाही म्हणतो ना? हेसल बोलला मला."

तुम्ही दोघं, एक या टोकाला, एक त्या टोकाला, एकमेकांना तोंड दाखवायला लाजताय! मी तिथेच तुझं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. गाई आहेत, हे सुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती कॉफीला आली. आणि बघ योग, तुझं बोटीवरचं पुडकं, इतके महिने कुठे भटकलं कोण जाणे, त्याच आठवड्यात आलेलं. तिने ते उघडलं, त्या लोकरीत हात घातला, आणि म्हणाली, "मेंढ्या नाहीत म्हणे! मग हे गाईचं आहे का?" आणि हसली. दुर्क, इतकी हसली की काठी खाली पडली. जूनपासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं.

कातडं तिने सायकलवर बसवलंय. पण सायकल अजून कोपऱ्यापर्यंतच जाते. मी विचारलं, आता काय राहिलं? ती म्हणाली, "बाउक्ये, राग नव्हताच. भीती आहे. दुर्कचं मला काही नाही, तो तिकडे आहे. पण एकदा विसरणारा माणूस भेटला की वाटतं, प्रत्येक गाडीत एक विसरणारा बसलाय. बाहेरून मला काय कळणार, कुणाला आठवण आहे आणि कुणाला नाही?"

तुझ्याकडे याला उत्तर असलं तर लिही. आपले बाबा आठवतात ना? काही विसरायचं नसलं की रुमालाला गाठ मारायचे, आणि मग गाठ कशाची मारली तेच विसरायचे.

तुझी ताई,
बाउक्ये

---

गिप्सलँड, २३ मार्च १९८६

प्रिय ताई,

बाबांचा रुमाल वाचला आणि उठून गोठ्यात गेलो. गवताचे गठ्ठे बांधायची सुतळी असते आमच्याकडे, नारिंगी, प्लास्टिकची. तिचा तुकडा कापला आणि गाडीच्या दाराच्या आतल्या कडीला बांधून टाकला. आता उजवा हात सवयीने कडीकडे जातो, सुतळी टोचते, हात मागे येतो, आणि डावा हात आडवा जातो. आणि मान वळते. तू लिहिलंस तसंच, अगदी तसंच. मला वाटलं होतं तू वाढवून सांगतेस.

दूध कारखान्याच्या फाटकाशी पोरं टिंगल करतात, त्यांच्या जिभेला मी 'डर्क'. "डर्क, मागे वळून काय बघतोस, राणी येतेय का?" मी म्हणतो, राणी नाही, तुझी सासू येतेय. डोरोथी म्हणते, म्हातारा दारातून बाहेर पडतो की नाचायला निघतो कळत नाही. पण तिच्या बाजूच्या दारालाही सुतळी आहे, तिनेच बांधली.

आमच्या गावात सायकल एकच, शाळेच्या बाईंची. परवा दुकानासमोर गाडी थांबवली, डावा हात आडवा टाकला, मान वळली, आणि त्या येताना दिसल्या. दारावर हात ठेवून मी तसाच बसून राहिलो. त्या गेल्या, त्यांना काही कळलंही नाही. ताई, मी बराच वेळ उतरलोच नाही. इतकं सोपं होतं.

रिन्स्केला सांग, एक विसरणारा कमी झाला. सुतळीचा तुकडा सोबत घातलाय. एवढ्याने तिचं काय होणार, पण माझ्याकडे हेच आहे.

दुर्क

---

डोकम, १८ मे १९८६

प्रिय दुर्क,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ, डोरोथीचा गुडघा, म्हातारा कुत्रा, तो गोऱ्हा, सगळ्यांची चौकशी शेवटी करेन. आज मला दम नाही.

तुझी सुतळी टेबलावर ठेवली होती. हेसल बिस्किटाला आला, पत्र वाचलं. सुतळी खिशात घातली आणि जाऊन आपल्या गाडीच्या उजव्या दाराला आतून बांधली, तू बसला होतास त्याच. बेकरीसमोर बेकरवाल्याने विचारलं, हे काय? हेसलने सांगितलं. बेकरवाला म्हणाला, "माझ्याच दुकानापुढे पडली ती. मला पण दे." पण सुतळी संपलेली. मग त्याने दुकानातूनच नारिंगी फीत कापली. एप्रिलअखेर राणीचा दिवस, तिच्या घराण्याचा रंग नारिंगी, तेव्हा सगळीकडे त्याच फितींचा ढीग. त्याचं बघून पलीकडच्याने बांधली, त्याचं बघून त्याच्या मेहुण्याने. आपली माणसं तुला माहीत आहेत. कुणी कुणाला 'कर' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कुणी केलं नसतं. सगळ्या रांगेतल्या गाड्यांच्या काचांतून आत नारिंगी गाठ दिसायला लागली.

रिन्स्के रोज कोपऱ्यापर्यंत येऊन ते बघत होती. तिला वाटलं राणीचं कौतुक. मीही बोलले नाही. म्हटलं, सांगून पटण्यातली ही गोष्ट नाही.

राणीचा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी पताका उतरल्या, निशाणं घडी करून कपाटात गेली. आपल्याकडे सजावट एक दिवस जास्त राहिली तर शेजारी विचारतात घरात कुणी आजारी आहे का. पण गाड्यांतल्या फिती तशाच. आठवडा गेला. रिन्स्केला ते सोसेना! गेल्या मंगळवारी काठी आपटत बेकरीत शिरली, मी पावाच्या रांगेत होते, आणि सगळ्यांसमोर बेकरवाल्याला म्हणाली, "अरे, गावाला झोप लागलीय का? राणीचा दिवस होऊन किती दिवस झाले? फिती काढायला काय राणी येणार आहे?"

बेकरवाला पाव कापत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या राणीच्या नाहीत, रिन्स्के."

"मग कोणाच्या?"

"तुझ्या."

रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "आमचा हात चुकू नये म्हणून बांधल्यात. दुर्कने युक्ती पाठवली." रिन्स्केने एक साखरपाव मागितला. पिशवीत टाकला. बाहेर जाऊन एकेका गाडीपाशी थांबली, प्रत्येक काचेतून आत वाकून बघितलं, रांगेच्या शेवटापर्यंत. आणि घरी गेली.

बुधवारी कॉफीनंतर माझ्या खिडकीवर टकटक. "चल. तू मागे राहा. काही बोलू नकोस."

ती पुढे, तुझ्या लोकरीवर बसून, काठी मागच्या कॅरिअरला बांधलेली. मी मागे, माझ्या सायकलवर. कोपरा आला. मला वाटलं उतरेल. नाही उतरली. हळू होती, पण पाय फिरत होते. बेकरीच्या अलीकडे एक गाडी आत्ताच थांबलेली, परगावची, फीत नाही, काही नाही. उजवीकडे एक तरुण बाई बसलेली, दाराला चिकटून. रिन्स्केनेही बघितलं होतं. तिची पाठ ताठ झाली. आणि काचेमागे त्या बाईचा डावा हात छातीवरून आडवा आला, खांदा वळला, चेहरा वळला, आणि तिचे डोळे सरळ रिन्स्केच्या डोळ्यांवर. दार हललं नाही. त्या बाईने आतून मान डोलावली, जा म्हणून. रिन्स्केने हँडलवरचा एक हात सोडून तिला हात केला. एक हात सोडून, दुर्क!

तिथून पुढे मला तिला गाठता येईना.

पूल चढलो. वृद्धाश्रमाच्या खिडकीत लोल्के, जसा रोज असतो तसा. मी पुलावरच थांबले, माझं तिथे काय काम? पण खिडकी उघडी होती आणि वारा या बाजूला होता. त्याने बघितलं. मग हात वर केला आणि म्हणाला, "आली."

आणि ती उतरत होती तेव्हा म्हणाला, "आज उशीर केलास."

ती म्हणाली, "हो रे. रस्त्यात जरा थांबावं लागलं."

संध्याकाळी परतताना ती माझ्या पुढे होती आणि मला तिचं तोंड दिसत नव्हतं, ते बरं झालं, कारण तिलाही माझं दिसलं नाही. त्यानंतर रोज जाते. रोज तो ओळखतोच असं नाही, हेही खरं सांगते, तुझ्याशी पुन्हा हवेच्या गप्पा मारणार नाही. पण या चार दिवसांत तीनदा हात वर झालाय.

काल तिच्याकडे कॉफीला गेले होते. हात धुवायला म्हणून आत गेले, तर संडासातलं कॅलेंडर जुलैच्या पानावर उलटून ठेवलेलं, आणि त्यावर तिच्या अक्षरात तुझं नाव. तिच्या भिंतीवर माझं नाव लागायला नऊ वर्षं गेली होती. बाहेर येऊन मी कप उचलला. तीच म्हणाली, "बघितलंस ना? मग लिही त्याला. यंदाचा वाढदिवस त्याने इथे करावा. गोलातली एक खुर्ची माझी. आणि हेसलच्या गाडीत त्याने उजवीकडेच बसायचं, मी मागे बसून हात बघणार आहे त्याचा."

तेव्हा सांग, पाठ कशी आहे? डोरोथीचा गुडघा लाकडी खुर्ची सोसेल का? मी उशी देईन. कुत्र्याला आठवडाभर कोण सांभाळेल? गाईंचं दूध कोण काढेल? हे सगळं जमवून लगेच दोन ओळी टाक. तुझं पत्र येईपर्यंत मी बेकरवाल्याला साखरपाव किती ते सांगू शकत नाही, आणि तो रोज विचारतोय.

तुझी ताई,
बाउक्ये